सात गाद्या आणि एक खुर्ची

कुणाच्याही घरात शिरले की मी चपला काढते, पाण्याचा ग्लास बाजूला ठेवते आणि खोलीच्या मधोमध उभी राहून एक टाळी वाजवते. एकच, पण खणखणीत. मग मान वाकडी करून ऐकत राहते. घरातली माणसं तेवढ्यात एकमेकांकडे बघून घेतात. घाटकोपरला एका घरात तर चार वर्षांची चिमुरडी आतून धावत आली आणि माझ्याबरोबर जोरजोरात टाळ्या वाजवायला लागली. कुणाचा तरी वाढदिवस आहे आणि केक आलाय असं तिला वाटलं होतं. केक नाही म्हटल्यावर अशी रडली, की मला पुन्हा टाळी वाजवून खोली ऐकायला अर्धा तास थांबावं लागलं.

घरातल्या ज्या खोलीत माणसं गाणी ऐकतात, त्या खोलीचा आवाज सुधारायचा हा माझा धंदा. तीस वर्षं झाली. आता गुडघे कुरकुरतात म्हणून नाहूरच्या घरात बसून फोनवर सल्ले देते, पण कुणी आग्रह केलाच तर पिशवी उचलून निघते. "म्हणजे साउंडप्रूफ ना?" असं निम्मे लोक विचारतात. नाही हो. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून करतात ते वेगळं, मी करते ते तुमच्या कानांसाठी. स्पीकरमधून निघालेला आवाज सरळ तुमच्याकडे येतो, आणि तोच भिंतीवर, काचेवर, लादीवर आपटून थोड्या उशिराने पुन्हा येतो. दोन माणसं तीच हकीकत सांगतायत, त्यातला एक जरा मागून बोलतोय, अशा वेळी आपल्याला धड काही कळत नाही, तसंच हे. बाथरूममध्ये आपण सगळेच छान गातो ते ह्याच्याच कृपेने. पण तिथे बसून दुसऱ्याचं गाणं तासभर ऐकून बघा, डोकं उठेल. तर हा मागून येणारा आवाज कुठे आणि किती शोषायचा ते ठरवायचं, आणि लाकडी चौकटीत रॉकवूल, म्हणजे दगडी लोकरीचे जाड थर, भरून, वर कापड ताणून पॅनलं बनवायची आणि भिंतीला लावायची. एवढंच काम. पण जमलं तर तेच स्पीकर, तीच रेकॉर्ड, आणि माणूस असा बघतो की मी त्याला नवीन कान दिलेत.

मी ह्या धंद्यात आले ती कापडाच्या बाजूने. सोफ्यांची कव्हरं शिवायचे. अंधेरीतल्या एका रेकॉर्डिंग स्टुडिओच्या भिंतींना कापड ताणून द्यायचं काम मिळालं आणि मी तिथेच रमले. तिथल्या म्हाताऱ्या रेकॉर्डिस्टना सगळे आण्णा म्हणत. त्यांनी मला ऐकायला शिकवलं. टाळीही त्यांचीच. पुढे स्वतःचं काम सुरू केलं तेव्हा दार उघडणारा माणूस हमखास माझ्या मागे जिन्यात डोकवायचा. "इंजिनिअर मागून येतायत का?" मी म्हणायचे, "आलेत, चपला काढतायत," आणि चपला काढायचे.

गिऱ्हाइकं एकेक नग भेटली. अंधेरीच्या एका उत्साही गृहस्थांनी कुठेतरी वाचून चारही भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. आवाजात काडीचा फरक नाही, पण झुरळांची कॉलनी झकास वसली होती. बोरिवलीच्या एका बँकवाल्या साहेबांचे नवे स्पीकर ठराविक सुराला चर्र करायचे. त्यांनी दोनदा दुकानात नेऊन भांडण केलं. मी दोन दिवस खोली हुडकली आणि शेवटी देव्हाऱ्यातल्या ताम्हनात ठेवलेल्या पळीवर बोट टेकवलं. चर्र बंद. साहेबांनी पळी उचलून कपाटात ठेवली आणि ह्यातलं दुकानदाराला काही सांगू नका अशी मला गळ घातली.

ह्या कामात एक गोष्ट पक्की असते, ती म्हणजे खुर्ची. दोन स्पीकर आणि ऐकणारा असा तिघांचा त्रिकोण जमावा लागतो, आणि आवाज सगळ्यात चांगला लागतो तो त्याच एका जागी. तिथे खुर्ची मांडायची आणि हलवायची नाही. म्हणून मी सुरुवातीलाच विचारते, "ऐकायला कोण बसणार?" तीस वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी घरं सोडली तर खुर्चीत बसायला घरातला पुरुषच पुढे आलाय. बाई ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. ह्यात मला कधी काही वावगं वाटलं नाही, आणि मी स्वतः बाई! वाटायला लावलं ते मुलुंडच्या परबकाकूंनी. ती हकीकत सांगायलाच आज लिहायला बसलेय. तिच्यात माझी फजिती आहे, पण असू दे.

परबकाका ट्रॉम्बेच्या एका वर्कशॉपमधून मशिनिस्ट म्हणून निवृत्त झालेले. वडील गिरणीत, गाव मालवणकडे. मुलुंड पूर्वेला दोन खोल्यांचं घर, आणि हॉलमध्ये काकांनी स्वतः लाकूड कापून, रंधा मारून बनवलेले कमरेएवढे दोन स्पीकर. दसऱ्यानंतर चार दिवसांनी त्यांचा फोन आला. पाडव्याच्या सकाळी त्यांची जुनी भजनी मंडळी घरी जमणार होती. बारा जणांतले काका धरून पाच उरलेले. त्यातले पखवाज वाजवणारे बाबी दिवाळीनंतर मुंबई कायमची सोडून गावी राहायला जाणार होते, म्हणजे पुन्हा सगळे एकत्र भेटतील ह्याचा भरवसा नाही. काकांना त्या दिवशी सगळ्यांना एक टेप ऐकवायची होती. चाळीसेक वर्षांपूर्वी घाटकोपरच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत, गणपतीसमोर झालेलं भजन काकांनी उसन्या आणलेल्या टेपरेकॉर्डरवर उतरवलं होतं. एक माइक पखवाजासमोर, दुसरा दारावरच्या खिळ्याला टांगलेला.

"सगळा काला होतो गं," काका म्हणाले. "कोण गातोय, कोण टाळ कुटतोय, काही सुटं सुटं कळत नाही. प्रत्येकाला स्वतःचा आवाज ऐकू आला पाहिजे, बस."

मी टाळी वाजवली. टणटण टणटण आवाज परत आला. उघडी लादी, मोठी काच, रंगवलेल्या भिंती. कुणीही सांगेल असा दोष. मी मोठ्या थाटात, इथे पॅनल, तिथे पॅनल असं बोटाने दाखवत सुटले. पिशवीत मोजमापाचा माइक होता, लॅपटॉप होता. पण काकूंनी गरम आंबोळ्या आणि चटणी पुढे ठेवली, काका "वा, एका टाळीत ओळखलं!" म्हणाले, आणि माझी मान इतकी ताठ झाली की माइक पिशवीतच राहिला.

आंबोळ्यांची ताटली ठेवायला मी आत गेले तेव्हा काकूंनी मला थांबवलं. बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला.

"नंदा, खरं सांग, आवाज सुटे होतील?"

"होतील की. का हो?"

"त्या टेपमध्ये मी पण आहे." त्या पदराला हात पुसत राहिल्या. "मागून ओळ उचलणाऱ्या झीलकऱ्यांबरोबर मी पण आतून गात होते. हे म्हणतात, छे, तू तर चहा करत होतीस. चाळीस वर्षं हेच म्हणतायत. अगो, चहा करत होते म्हणून काय तोंड शिवलेलं होतं? लग्नाआधी गावात माझ्या गाण्याला माणसं जमायची. इकडे आले नि गॅस नि मी. त्या एका दिवशी गायले, आणि ते पण खोटं?"

मी विचारलं, "पण तुम्हाला ऐकू येतो का तुमचा आवाज?"

"मला कसा येणार? हे टेप लावतात तेव्हा मी इथे असते ना, आत."

मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं की पाडव्याला तुमचा आवाज सगळ्यांना ऐकवते. शब्द दिला म्हणा ना.

आणि लगेच बाहेर येऊन घोळ घातला. हॉलच्या कोपऱ्यात, उजव्या स्पीकरच्या मागे, छातीएवढी गाद्यांची चळत होती, वर जुनी चादर. कोकणातल्या माणसाच्या मुंबईतल्या घरी ही चळत असतेच. गावाहून कोण कधी येईल त्याचा नेम नसतो. कुणाला डॉक्टरला दाखवायचं असतं, कुणाचा इंटरव्ह्यू असतो, आणि आलेल्याला जमिनीवर कसं झोपवणार? पण माझ्या डोळ्यांपुढे नीटनेटकी खोली होती.

"काकू, ही अडगळ आधी हलवा बघू."

"अडगळ नाय ती. सात गाद्या आहेत. सासूबाईंनी समोर बसून कापूस भरून घेतलाय."

"ती म्हणतेय तर हलव ना गो," काका म्हणाले. गाद्या गच्चीवरच्या टाकीशेजारच्या खोलीत गेल्या.

पुढचे पाच दिवस मी आणि माझे नेहमीचे सुतार खपलो. दोन्ही बाजूंना पॅनलं, मागे पॅनलं, वर छताला दोन. हळदी रंगाचं कापड. दिसायला खोली अशी सुंदर झाली की मीच लांबून बघत बसले. टाळी वाजवली, तर टाळी जागच्या जागी विरली. काका खुर्चीत बसले, टेप लावली आणि पखवाजावर पहिली थाप पडली.

घूंऽऽऽ. थाप पडून गेली तरी खोली घुमतच राहिली. त्या घुमण्याखाली टाळ गेले, गळे गेले, शब्द गेले. पूर्वी काला होता, आता नुसता गाळ. काका भला माणूस. म्हणाले, "नवीन आहे ना सगळं, जरा मुरू दे." लोणचं असल्यासारखं! काकू दारात उभ्या होत्या. रिकामे कप उचलून आत गेल्या, आणि ते मला काकांनी चार शिव्या दिल्या असत्या त्याहून जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी आणखी दोन पॅनलं लावली. आवाज आणखी मेला, घुमणं तसंच. माझी पार वाट लागली होती. पाडवा चार दिवसांवर आलेला, काका टेपच ऐकवायची नाही असं म्हणायला लागलेले, आणि मला काकूंच्या नजरेला नजर देववत नव्हती.

त्याच दुपारी परतीचा पाऊस धडाधडा कोसळला. वॉचमनने बेल मारली. "काकी, टंकी के रूम में पानी आ रहा है, आपका गादी!" काकू पदर खोचून निघाल्या. काकांच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी मागोमाग धावले. वॉचमन, काकू आणि मी, तिघांनी मिळून एकेक गादी लिफ्टमध्ये कोंबली. नशीब, भिजल्या नव्हत्या. हॉलमध्ये आणून टाकायची जागा एकच, तो जुना कोपरा. काका खुर्चीत बसून टेप मागेपुढे करत पखवाजाची तीच थाप पुन्हा पुन्हा लावत होते. दोन गाद्या पडल्या, तीन पडल्या. चौथी टाकली आणि काका ओरडले, "थांब! काय केलंस?"

"काय केलंस म्हणजे? गादी ठेवली," काकू धापा टाकत म्हणाल्या.

"आणखी ठेव."

पाचवी ठेवली. काका खुर्चीच्या कडेवर आले. सहावी. सातवी. पखवाजाची थाप आता थाप वाटत होती, वाजली की संपत होती. मला विश्वास बसेना. मी म्हटलं, वरच्या तीन उचलूया. उचलल्या, पुन्हा घूंऽऽ. ठेवल्या, थांबलं. उचलल्या, ठेवल्या. चौथ्या वेळी काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अगो, गाद्या आहेत, वजनं नाहीत. एकदाच काय ते ठरव."

मी तिथेच गाद्यांना टेकून बसले आणि मला आण्णांचं वाक्य आठवलं. टाळी शिकवताना ते दर वेळी म्हणायचे, "टाळी वरचं सांगते नंदा, खालचं नाही सांगत." मी तीस वर्षं पहिला अर्धा भाग मिरवला आणि दुसरा विसरले. टाळीत बारीक, वरचे सूर असतात. ते चार बोटं जाडीच्या पॅनलने शोषले जातात. पखवाजाच्या धूमचा जाड आवाज अशा पॅनलांना जुमानत नाही. तो खोलीच्या कोपऱ्यांत जाऊन साचतो, आणि त्याला आवरायला तसंच जाडजूड काहीतरी कोपऱ्यात लागतं. सासूबाईंनी समोर बसून भरून घेतलेल्या कापसाच्या सात गाद्या! ज्या एका वस्तूमुळे ह्या खोलीचा खालचा आवाज इतकी वर्षं ताब्यात होता, तीच मी अडगळ म्हणून बाहेर काढली होती. आणि वर इतकी पॅनलं ठोकली होती की बाईचा बारीक आवाज असलाच तर तोही गिळला गेला असता.

"काकू," मी म्हटलं, "अडगळ मी होते."

"होतीस खरी," काकू म्हणाल्या. "ऊठ, चहा टाकते."

पुढचे दोन दिवस मी लावलेलं काढत होते. निम्मी पॅनलं उतरवली. ह्या वेळी माइक पिशवीतून बाहेर काढला, मोजलं, कानाने ऐकलं, पुन्हा मोजलं. गाद्यांच्या चळतीला त्याच हळदी कापडाचा अभ्रा शिवला, कारण कापडातून आवाज आत जातो, फळीचं दार लावलं तर अडतो. अभ्र्याला पुढून बांधायचे बंद लावले. "पाहुणे आले की सोडायचे," मी काकूंना सांगितलं. काका म्हणाले, "आणि मग गाण्याचं काय?" काकू म्हणाल्या, "पाहुणे आल्यावर गाणं कसलं ऐकताय? त्यांच्याशी बोला." अजून त्या घरात हाच नियम आहे. गावचं कुणी राहायला आलं की काकांचे स्पीकर बंद.

पाडव्याला सकाळी मी पोचले तेव्हा मंडळी फराळाला बसली होती. चकलीचा कुरकुरणारा आवाजही त्या खोलीत इतका स्वच्छ येत होता की मला हसू आलं. बाबी म्हणजे हडकुळा, ऐंशीला टेकलेला माणूस, पण बोटं सारखी मांडीवर ठेका धरून. काका सवयीने खुर्चीकडे निघाले. आणि मला काय झालं कोण जाणे, मी मोठ्याने म्हटलं, "आज खुर्चीत काकू बसतील."

काका अर्धे वाकलेले तसेच थांबले. "अगं पण ती चहा..."

"मेल्या, उठ थंयसून," बाबी म्हणाले. "वयनी, बसा तुमी."

काकू बसल्या. इतक्या वर्षांत त्या खुर्चीची धूळ पुसली होती, बसल्या नव्हत्या. हात गुडघ्यांवर, पाय जुळवलेले, फोटो काढायला बसतात तशा. टेप सुरू झाली. थाप पडली, घट्ट आणि गोल, आणि बाबी "अरे माज्या देवा" म्हणून स्वतःच्या बोटांकडे बघायला लागले. मग एकेक गळा सुटा झाला. "ह्यो मी! आयकलंस? ह्यो मी!" "गप रे, तो मी. तू खंय गायतंस, तू नुसतो तोंड हलवतंस!" पाच म्हातारे शाळेतल्या पोरांसारखे भांडत होते. गेलेल्या सातांचेही आवाज ओळखले गेले, आणि प्रत्येकाच्या नावाला कुणीतरी हात जोडत होतं.

काकूंचे डोळे मिटलेले. झीलकऱ्यांनी धुवपद, म्हणजे अभंगाचं पालुपद, उचललं आणि काकूंचा हात वर झाला. डाव्या स्पीकरच्या जरा आत, मागच्या बाजूला बोट दाखवून त्या म्हणाल्या, "तिथे."

मी टेप मागे घेतली. काका बाजूला उभे होते, त्यांना तिथून तो आवाज सापडेना. तेव्हा ते खुर्चीच्या हातावर हात टेकून, दुखऱ्या पाठीने हळूहळू वाकले आणि काकूंच्या गालाशेजारी कान आणून थांबले. धुवपद पुन्हा आलं. पुरुषांच्या गळ्यांच्या वर, अगदी बारीक पण सुरात पक्का, एका तरुण बाईचा आवाज. मी उभी होते तिथूनही तो मला ऐकू आला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे लपवत नाही.

काका वाकलेलेच राहिले. "तू होतीस गो," एवढंच म्हणाले.

"मग? तुमचा तो माइक ज्या खिळ्याला टांगला होता, तो कुठच्या दारावर होता? आतल्या दारावरच ना?"

"वयनी," बाबी म्हणाले, "आमच्यात सुरात एकच माणूस होता, आणि तो आत चाय करी होता!" जो हशा उठला तो माझ्या पॅनलांनाही आवरला नाही.

काकूंनी खुर्चीच्या पाठीला पाठ टेकली. पहिल्यांदाच टेकली. "नंदा, परत लाव, पहिल्यापासून," त्या मला म्हणाल्या, आणि काकांना म्हणाल्या, "आणि तुम्ही चहा करा. सात कप, नंदाला बिनसाखरेचा."

काका निमूट आत गेले. भांड्यांची आदळआपट झाली, चहाचा डबा कुठे आहे ते विचारलं गेलं, कुणी सांगितलं नाही. टेप धुवपदाशी आली तशी स्वयंपाकघराच्या दारातून काकांनी झील धरली, थरथरत्या पण मोकळ्या आवाजात. त्यांच्यासोबत टेपमधल्या काकू गात होत्या. खुर्चीतल्या काकूंनी मागे वळून पाहिलं नाही. डोळे मिटूनच म्हणाल्या,

"येतंय, येतंय ऐकायला. दूध बघा, उतू जाईल."